बहात्तर तासांचा हिशेब

माझ्या भाच्याचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा मी ऑफिसात बसून एक क्वेरी दुरुस्त करत होतो. क्वेरी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटल-समूहासाठी होती. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं: इमर्जन्सीतून घरी सोडलेलं जे मूल बहात्तर तासांच्या आत परत आलं आणि ज्याला या वेळी दाखल करावं लागलं, त्याची फाईल शोधून समोर ठेव. तिच्यात तारखांचा घोळ होता. रात्री बारानंतर आलेली मुलं दोनदा मोजली जात होती. तो घोळ सोडवत असताना ताईचा फोन आला, की ओमला घेऊन आम्ही शहरात निघालोय, पोट दगडासारखं लागतंय.

ओम सहा वर्षांचा. शनिवारी रात्री त्याला दोन उलट्या झाल्या, अंगात ताप होता, पोट दुखत होतं. ताई आणि दाजी त्याला तालुक्याच्या गावातल्या एका बऱ्यापैकी नाव असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, ओआरएस लिहून दिलं. केसपेपरवर निदान होतं गॅस्ट्रो. खाली एसओएस. म्हणजे गरज वाटली तर या. गरज कशी ओळखायची, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

जुलाब झालेच नव्हते. ताईने ते सांगितलं होतं. अजून एक गोष्ट तिने सांगितली होती, ‘हा नेहमीसारखा रडत नाहीये, आडवाच पडून राहतोय.’ त्यावर सिस्टर म्हणाल्या की ताप आहे, मलूल होणारच.

इंजेक्शनने उलटी थांबली. रविवारी तो पडून होता. सोमवारी पोट फुगलं, ताप चढला. शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात रात्री सोनोग्राफी झाली आणि पहाटे ऑपरेशन. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेला. अकरा दिवस दाखल, त्यातले तीन आयसीयूत. आता तो ठणठणीत आहे, पोटावरची खूण शाळेत मित्रांना दाखवत फिरतो. त्यामुळे हा लेख शोकांतिका नाही, कुणाला तशी अपेक्षा असेल तर.

माझं डोकं ज्याच्यावर फिरलं ती गोष्ट वेगळीच आहे. मंगळवारी सकाळी ताई आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेली असताना तिच्या मोबाइलवर पहिल्या हॉस्पिटलचा मेसेज आला. आमच्या सेवेचा तुमचा अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.

म्हणजे नंबर होता. कोणता पेशंट कधी येऊन गेला, याची नोंद होती. तीन दिवसांनी त्याच्या घरी आपोआप निरोप जाईल अशी यंत्रणाही होती. फक्त त्या यंत्रणेला एकच प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं: मूल कसं आहे?

त्या रात्रीच्या डॉक्टरांच्या हिशेबात माझा भाचा बरा झाला. आजही तो बराच झालेला आहे. मूल आलं, तपासलं, औषध दिलं, परत आलं नाही, म्हणजे निदान बरोबर. वर्षभरात असे किती ओम त्यांच्या समोरून गेले असतील, मला माहीत नाही. मुद्दा असा की त्यांनाही माहीत नाही.

मी ईएनटीसीचा. सगळे जसे येतात तसाच आयटीत आलो. पण कंट्रोल सिस्टिम्स नावाचा विषय डोक्यात राहिला. त्यात पहिल्याच धड्यात दोन प्रकार शिकवतात. एक ओपन लूप, एक क्लोज्ड लूप. गिझरला थर्मोस्टॅट असेल तर पाणी किती तापलं हे गिझरला कळतं आणि तो बंद होतो. थर्मोस्टॅट नसेल तर तो आपला तापवत राहतो, कुणाची कातडी भाजली तरी त्याला पत्ता नसतो. अमेरिकेतले डॉ. गॉर्डन शिफ यांनी २००८ साली लिहिलं होतं की वैद्यकीय निदान ही बहुतेक ठिकाणी ओपन लूप व्यवस्था आहे. डॉक्टर निदान करतो आणि त्याचं पुढे काय झालं हे त्याच्याकडे परत येतच नाही. आला नाही म्हणजे बरा झाला, असं तो धरून चालतो. पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असू शकतो, गावी गेलेला असू शकतो, मेलेला असू शकतो.

अनुभवी डॉक्टर या शब्दाचं आपल्याला मोठं कौतुक. वीस वर्षं प्रॅक्टिस! पण ज्या वीस वर्षांत आपल्या चुका आपल्याकडे परत आल्याच नाहीत, त्या वीस वर्षांतून नेमका कसला अनुभव मिळतो? आत्मविश्वास मिळतो. तो फार मिळतो.

मुलांच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे, आणि कारणं साधी आहेत. लहान मूल कुठे दुखतंय ते नीट सांगू शकत नाही, बेंबीवर बोट ठेवतं. अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला खरोखरच बेंबीभोवती असतं, नंतर उजवीकडे खाली सरकतं, आणि अगदी लहान मुलांत तेही पुस्तकातल्यासारखं होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत ते बरेचदा फुटलेलं असतं. नाडीचा १४० हा आकडा तान्ह्या बाळात नेहमीचा, पण दहा वर्षांच्या शांत बसलेल्या मुलात तो धोक्याचा. म्हणजे वय बाजूला ठेवून आकडा वाचता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गर्दी. कॅज्युअल्टीत तापाची जी मुलं येतात त्यांतली बहुतेक कशानेही बरी होणार असतात. त्या गर्दीत एखादं सेप्सिसचं, एखादं मेंदूज्वराचं, एखादं हृदयाला सूज आलेलं मूल असतं, आणि पहिल्या काही तासांत ते बाकीच्यांसारखंच दिसतं.

म्हणून त्या रात्रीच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. शहरातल्या सर्जननी मला सांगितलं की शनिवारी रात्री अपेंडिक्स ओळखता आलंच असतं असं नाही. मात्र जुलाब नसताना गॅस्ट्रो लिहिताना पेन जरा थबकायला हवं. मुलाला खाली उतरवून एक उडी मारायला सांगायची. पोटाच्या आतल्या पडद्याला सूज असेल तर ते उडी मारत नाही, पोट धरून उभं राहतं. काही खर्च नाही. आणि घरी पाठवायचंच, तर उलटी थांबली तरी दुखणं वाढलं किंवा खाली उजवीकडे सरकलं तर उद्या सकाळी घेऊन या, एवढं कागदावर लिहायचं.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०१५ साली निदानातल्या चुकांवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यातली चुकीची व्याख्या मला फार आवडते, कारण तिला दोन पाय आहेत. आजाराचं बरोबर आणि वेळेवर स्पष्टीकरण न शोधणं ही चूक. ते स्पष्टीकरण पेशंटला न सांगणं हीसुद्धा चूकच. बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी अशी चूक येतेच, असंही त्यात म्हटलंय. ओमच्या बाबतीत पहिला पाय वादाचा असेल. दुसरा नाही.

आता आमच्या धंद्याकडे येतो.

सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाची तक्रार सोडवून आम्ही तिकीट बंद करतो. तीच तक्रार परत आली तर तिकीट रिओपन होतं. रिओपन झालेल्या तिकिटांचा आकडा मॅनेजरच्या डॅशबोर्डवर सगळ्यात वर असतो आणि त्यावरून सोमवारी सकाळी आमची हजेरी घेतली जाते. जेवणाची ऑर्डर उशिरा पोचवणाऱ्या ॲपकडेही हे आहे. परत आलेल्या मुलाचा आकडा मात्र आपल्या बहुतेक हॉस्पिटलांत कुणी काढत नाही. मी विचारून पाहिलं. ओळखीच्या चार डॉक्टरांपैकी तिघांना प्रश्नच कळला नाही आणि चौथा हसला.

ज्या क्वेरीवर मी काम करत होतो तिला ई-ट्रिगर म्हणतात. कल्पना अशी: हजारो फाईलींमधून चूक थेट सापडत नाही, कारण ‘माझं चुकलं’ असं कुणी लिहून ठेवत नाही. पण चुकीचा माग सापडतो. घरी सोडलेलं मूल काही दिवसांत परत येऊन दाखल होणं हा एक माग. वॉर्डात दाखल केलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत आयसीयूत हलवावं लागणं हा दुसरा. इमर्जन्सीत आल्यापासून दिवसभरातच मृत्यू हा तिसरा. कॉम्प्युटर एवढ्याच फाईली वेगळ्या काढतो. मग अनुभवी डॉक्टर त्या एकेक करून वाचतात आणि स्वतःला विचारतात: त्या वेळी जे समोर होतं त्यावरून वेगळं काही करता आलं असतं का?

हा शेवटचा प्रश्नच खरा. परत आलेली बहुतेक मुलं चुकीमुळे परत येत नाहीत. आजार पुढे सरकला, औषध पचलं नाही, आईबाप घाबरले. क्वेरी म्हणजे नुसती चाळणी. तिच्यातून खाली पडलेलं सगळं चूक म्हणून मोजलं तर तो डॉक्टरांवर अन्याय होईल. जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅवा लीबरमन यांनी २०१८ साली याच्याही पुढची पद्धत मांडली. लक्षण आणि आजार यांच्या जोड्या लावायच्या. पोटदुखी म्हणून घरी सोडलेले किती जण थोड्या दिवसांत फुटलेल्या अपेंडिक्सने परत आले? हा आकडा नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसला तर प्रश्न एखाद्या डॉक्टरचा राहत नाही, त्या हॉस्पिटलच्या सवयीचा होतो. मिशिगन विद्यापीठातले प्रशांत महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदी चाळून हेच अपेंडिक्ससाठी केलं. अपेंडिक्स निघालेल्या मुलांपैकी ४.४ टक्के मुलांत ते आधीच्या इमर्जन्सी भेटीत हुकलं असण्याची शक्यता होती. मोठ्यांमध्ये ६ टक्के. आणि पोटदुखीसोबत बद्धकोष्ठतेची तक्रार असली की हुकण्याची शक्यता वाढलेली दिसली. एवढी एक ओळ कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावली तरी पुरे.

४.४ टक्के म्हणजे थोडे की जास्त, यावर वाद घाला. पण त्यांच्याकडे वाद घालायला आकडा आहे. आपल्याकडे काय आहे? दोन आठवड्यांनी मी त्या पहिल्या हॉस्पिटलात गेलो. भांडायला नाही. भांडायला दाजी निघाले होते, सोबत चार पोरं घेऊन, आणि त्यांना मीच अडवलं होतं. मला फक्त शनिवार रात्रीची नोंद हवी होती. ताप किती होता, नाडी किती होती, पोटाबद्दल काय लिहिलंय. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की केसपेपर पेशंटकडेच देतो, आमच्याकडे काही राहत नाही. मग म्हणाली, बिल दाखवते. बिल होतं. कन्सल्टेशन, इंजेक्शन, सिरिंज, ग्लोव्हज, सगळं वेळेसकट. सिरिंजची नोंद होती, नाडीची नव्हती.

यात त्या हॉस्पिटलने फार काही नियम मोडला असंही नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपावीत असं म्हटलंय, आणि मागणी केल्यास ती बहात्तर तासांत द्यावीत असंही. हो, बहात्तर तासच. पण जपायची सक्ती आहे ती दाखल झालेल्या पेशंटच्या कागदांची. जे मूल तपासून घरी पाठवलं, ते या वाक्यात बसत नाही. आणि निदान हुकलेलं मूल नेमकं तेच असतं! ज्याला दाखल करून घेतलं त्याचं निदान निदान चालू तरी असतं. घरी गेलेल्याची नोंद पिशवीतून त्याच्यासोबत घरी जाते आणि तिथे फ्रीजवर ठेवली जाते.

एवढं सांगितल्यावर माझे दोन प्रकारचे मित्र दोन प्रकारची उत्तरं देतात. दोन्हींवर माझा राग आहे.

पहिले आमच्या धंद्यातले. त्यांचं म्हणणं, एआय आणा. लक्षणं टाका, निदान बाहेर. मी हे ऐकतो तेव्हा मला एकच विचारावंसं वाटतं, मॉडेल शिकवणार कशावर? आपल्याकडच्या नोंदींवर ना? त्या नोंदींत ओम काय आहे? सहा वर्षं, ताप, उलट्या, पोटदुखी, निदान गॅस्ट्रो, परत आला नाही. तुमच्या मॉडेलसाठी तो बरोबर निदानाचा नमुना आहे. अशा दहा हजार ओमवर शिकलेलं मॉडेल पुढच्या ओमलाही गॅस्ट्रोच म्हणेल, फक्त ९७ टक्के खात्रीने आणि हिरव्या रंगात. चूक पकडणारी साखळी नसताना यंत्र आणलं तर ते डॉक्टरची चूक शिकतं आणि तिच्यावरची शंका तेवढी पुसून टाकतं. गुंतवणूकदारांसमोर स्लाइडा दाखवणाऱ्या माझ्या मित्रांनो, आधी एक साधं रजिस्टर भरून दाखवा. त्यात कुणी पैसे गुंतवत नाही हे मला माहीत आहे.

दुसरे डॉक्टर मित्र. ते म्हणतात, बाबा रे, हे सगळं श्रीमंतांचे चोचले. इथे एका रात्रीत एक आरएमओ शंभर पेशंट बघतो, मुलांच्या मापाचा बीपीचा पट्टा जागेवर नसतो, आणि तू आम्हाला फाईली वाचायला सांगतोस?

शंभर पेशंटचं मला मान्य आहे. त्या आरएमओची झोप, पगार आणि चोवीस चोवीस तासांच्या ड्युट्या यांवर वेगळा लेख लिहायला हवा, आणि चुकांच्या कारणांत त्यांचा नंबर वरचा लागेल. पण गरिबीचं कारण मला मान्य नाही. मलावीतलं ब्लँटायर शहर घ्या. तिथल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलात मुलांची रांग नुसती रांग होती, गंभीर मूल आणि सर्दीचं मूल एकाच ओळीत. तिथे रांगेतल्या मुलांची आधी छाननी करण्याची पद्धत आणली आणि इमर्जन्सी विभागाची मांडणी बदलली. दाखल मुलांचा मृत्युदर आधी १० ते १८ टक्के होता, तो ६ ते ८ टक्क्यांवर आला. हे २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आलंय. मलावी आपल्यापेक्षा श्रीमंत आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

आणि हिशेब करून पाहा. आकडे माझ्या मनचे आहेत, आवाका कळावा म्हणून. समजा एका कॅज्युअल्टीत वर्षाला दहा हजार मुलं येतात. त्यातली तीनशे तीन दिवसांत परत येतात. त्यातल्या साठांना दाखल करावं लागतं. साठ फाईली म्हणजे आठवड्याला एक, कधी दोन. आठवड्याला एक फाईल, अर्धा तास, चहा घेत. एवढंही जमत नसेल तर अडचण वेळेची नाही.

अडचण भीतीची आहे, आणि ती भीती खोटी नाही. दाजी चार पोरं घेऊन निघाले होते हे मी वर लिहिलंच आहे. आपल्याकडे चूक झाली असं डॉक्टर म्हणाला तर पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही. काच फुटते. महाराष्ट्राने हॉस्पिटलांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० साली कायदा केला, तरी काच फुटतेच. अशा वातावरणात कोण शहाणा माणूस स्वतःच्या हुकलेल्या निदानांची वही ठेवेल? उद्या ती वही कोर्टात हजर करा म्हणतील. चूक आणि हलगर्जीपणा या दोन गोष्टी आपण एका दोरीने बांधून टाकल्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की निर्णय चुकला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. न्यायाधीशांना कळलं ते वेटिंग रूमला अजून कळायचंय. दाजींना मी रात्री अकरा वाजता रस्त्यात गाडी थांबवून हेच सांगत होतो आणि ते म्हणाले, ‘तुझं पोर असतं तर?’ याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

म्हणून माझी मागणी डॉक्टरांकडे आहे तितकीच सरकारकडेही आहे. अमेरिकेने २००५ साली कायदा करून सुरक्षिततेसाठी केलेल्या अंतर्गत चिकित्सेच्या कागदांना कोर्टापासून संरक्षण दिलं. मूळ केसपेपर लपवता येत नाही, तो पेशंटचाच. पण नंतर डॉक्टरांनी आपसात बसून ‘आपलं कुठे हुकलं’ हे जे लिहिलं ते त्यांच्याविरुद्ध वापरता येत नाही. असं संरक्षण इथे द्या आणि त्याच्या बदल्यात मोजणं सक्तीचं करा. एकाशिवाय दुसरं मिळालं तर ढोंग होईल. नुसतं संरक्षण दिलं तर सगळं गालिच्याखाली जाईल, नुसती सक्ती केली तर वह्या कोऱ्या राहतील किंवा खोट्या भरतील. आम्हाला कंपनीत हे चांगलं माहीत आहे. ज्या टीममध्ये चूक कबूल करणाऱ्याचं अप्रेझल जातं, त्या टीमचे सर्व्हर कागदावर कधीच पडत नाहीत.

सक्तीचा फायदा होतो का? न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. रोरी स्टाँटन नावाचा बारा वर्षांचा मुलगा. २०१२ च्या मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉल खेळताना पडला, हाताला खरचटलं. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या. डॉक्टरांनी पोटाचा विकार म्हणून इमर्जन्सीत पाठवलं, तिथे सलाईन देऊन घरी सोडलं. त्याच्या रक्ताचे रिपोर्ट तो बाहेर पडल्यानंतर आले. त्यात जंतुसंसर्गाच्या खुणा होत्या. घरी कुणी कळवलं नाही. १ एप्रिलला तो सेप्सिसने गेला. ओआरएसच्या जागी सलाईन, तालुक्याच्या जागी मॅनहॅटन, बाकी गोष्ट मला फार ओळखीची वाटते. त्याच्या आईवडिलांनी लावून धरलं आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्यात नियम आले: प्रत्येक हॉस्पिटलने सेप्सिस ओळखायची पद्धत ठरवायची, आकडे राज्याला द्यायचे, आणि मुलाचे महत्त्वाचे रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नाही. आकडे द्यावे लागले म्हणून ते मोजता आले. २०१८ साली ५४ हॉस्पिटलांतल्या ११७९ मुलांचा अभ्यास छापून आला. रक्ताची कल्चर तपासणी, अँटिबायोटिक आणि सलाईन हे तिन्ही पहिल्या तासात ज्यांना मिळालं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. आणि तिन्ही तासाभरात मिळालेली मुलं होती जेमतेम पाव. नियम असूनही पाव! पण हे पाव आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

ताईच्या त्या वाक्याकडे परत जातो, ‘हा नेहमीसारखा रडत नाहीये.’ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून रायन्स रूल आहे. रायन सॉन्डर्स नावाचं जेमतेम तीन वर्षांचं मूल २००७ साली गेलं. आईवडील सांगत होते की तो खालावतोय, आणि त्यांचं पुरेसं ऐकलं गेलं नाही. आता तिथे पालकांना काळजी वाटली तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागता येते. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२४ पासून मार्थाज रूल १४३ हॉस्पिटलांत सुरू झाला. मेलबर्नच्या मोनॅश मुलांच्या हॉस्पिटलात तर पालकांना ठरवून विचारलं, मूल खालावतंय असं वाटतंय का? त्यांच्या ‘हो’चा आयसीयूशी असलेला संबंध नाडी-श्वासाच्या बिघडलेल्या आकड्यांपेक्षा अधिक घट्ट निघाला. आपल्याकडे आईने असं काही म्हटलं की तिला ‘ओ मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा’ ऐकावं लागतं. आई डॉक्टर नसते. पण या मुलाच्या आधीच्या दोन हजार रात्रींची नोंद फक्त तिच्याकडे असते. केसपेपरवर तिच्यासाठी एक रिकामी ओळ छापायला किती शाई लागते?

आभा क्रमांकाचं नाव घेतलं नाही तर कुणीतरी आठवण करून देईलच. २०२१ साली देशभर डिजिटल आरोग्य मिशन सुरू झालं, प्रत्येकाला चौदा आकडी क्रमांक. कागदावर ही तीच गोष्ट आहे जी माझ्या क्वेरीला लागते. ओम शनिवारी एका हॉस्पिटलात आणि सोमवारी दुसऱ्या, आणि दोन्हींना जोडणारा एक धागा. ओम पहिल्या हॉस्पिटलात परत गेलाच नव्हता, हे विसरू नका. तालुक्यात निदान हुकतं आणि शहरात सापडतं, ही आपली नेहमीची वाट. एकेका हॉस्पिटलने आपापली परत आलेली मुलं मोजून ही वाट दिसणार नाही. धागा लागेलच. पण तो धागा आत्ता रिपोर्ट मोबाइलवर दिसण्यासाठी विकला जातोय. पालकांच्या संमतीने, नाव झाकून, विमा कंपनीच्या हाती न लागता, फक्त ‘तुमच्याकडून गेलेलं मूल तीन दिवसांत दुसरीकडे दाखल झालं’ एवढाच निरोप पहिल्या डॉक्टरांकडे परत जावा, हे करणं अवघड नाही. मी ते करून देऊ शकतो. माझ्यासारखे हजारो जण हिंजवडीत बसून दुसऱ्या देशांतल्या मुलांसाठी हेच करतायत.

तोवर तो तारेवाला मेसेज बदला. दुसऱ्या दिवशी एक फोन, एक प्रश्न. मूल कसं आहे, दुसरीकडे दाखवावं लागलं का?

त्या डॉक्टरांपर्यंत निरोप पोचावा म्हणून मी शेवटी एक पत्र लिहिलं. तारीख, वेळ, मुलाचं वय, तुमचं निदान, नंतर काय सापडलं, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. शेवटी लिहिलं की तक्रार नाही, तुम्हाला कळावं म्हणून पाठवतोय, मूल आता बरं आहे. तीनदा खोडून लिहिलं, कारण पहिल्या दोन खेपांना ते वकिलाच्या नोटिशीसारखं वाचलं जात होतं. स्वतः नेऊन दिलं. काउंटरवर तीच मुलगी होती. तिने पत्र उलटसुलट पाहिलं.

‘कम्प्लेंट आहे का सर?’

‘नाही.’

‘मग बिलाचं काही?’

‘नाही. त्या रात्रीच्या डॉक्टरांना द्यायचंय.’

‘ते सोडून गेले,’ ती म्हणाली. मग जरा विचार करून, खरंच मदत करण्याच्या इच्छेने तिने विचारलं, ‘सर, हे मी कोणत्या फाईलला लावू?’